न्यू जर्सीतील आमच्या टाउनशिपमध्ये (म्हणजे पालिका क्षेत्रात) ‘टॅक्स क्रेडिट’च्या पैशातून परवडणारी घरे होणार आहेत. हा खर्च आमच्या मालमत्ता करातून होतो का, आणि घरांच्या किमती उतरतील का?

अशा प्रकल्पांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून आधी पैशाचे सांगतो. आपल्या मालमत्ता करातून ही इमारत उभी राहत नाही. १९८६ च्या करसुधारणा कायद्यानुसार केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे करसवलतींचा, कोटा देते आणि राज्याची गृहनिर्माण वित्तसंस्था बिल्डरांच्या अर्जांना गुण देऊन त्याचे वाटप करते. समजा, जमिनीची किंमत वगळता पात्र खर्च १ कोटी डॉलर आहे आणि सवलत ९ टक्क्यांची आहे, तर वर्षाला ९ लाख याप्रमाणे दहा वर्षांत ९० लाख डॉलर केंद्रीय कर माफ होतो. एवढा कर बिल्डरला सहसा भरावाच लागत नसतो. त्यामुळे एखादी बँक प्रकल्पात भागीदार होते, डॉलरमागे समजा ८५ सेंट या दराने ७६.५ लाख डॉलर भांडवल घालते आणि पुढे स्वतःच्या करातून ती सवलत वसूल करते. हे भांडवल कर्ज नसल्याने त्याचे हप्ते फेडावे लागत नाहीत. भाडे कमी ठेवता येते ते त्यामुळेच. केंद्राचा बुडालेला महसूल अर्थातच देशभरच्या करदात्यांचा असतो, त्यात आपणही आलो.

स्थानिक तिजोरीचा प्रश्न वेगळा आहे. पुष्कळदा टाउनशिप अशा प्रकल्पाला नेहमीच्या मालमत्ता कराऐवजी भाड्याच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भरण्याची मुभा देते. ही रक्कम पालिकेकडे जाते. शाळा मंडळाला त्यातला वाटा आपोआप मिळत नाही. शाळांची काळजी असेल, तर तो करार मागवून वाचावा. ‘कसले लोक येतील’ या चर्चेत, जी आपल्या मराठी मंडळांतही चहाबरोबर चालते, हा मुद्दा हमखास राहून जातो.

येणाऱ्यांबद्दल म्हणाल, तर बहुतेक घरे परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याहून कमी कमावतात त्या आकड्याच्या) ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबांसाठी असतात, आणि आपल्यासारख्या सधन भागात ते मध्यम उत्पन्नच मोठे असल्याने ही मर्यादाही बरीच वर जाते. रुग्णालयातील मदतनीस, शाळेच्या बसचा चालक, औषधांच्या दुकानातील कॅशियर असे अर्जदार माझ्या तपासणीत नेहमी दिसतात. त्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेची विवरणपत्रे तपासली जातात, आणि भाडे प्रत्येकाला भरावेच लागते. भाड्याची कमाल रक्कम उत्पन्नमर्यादेच्या ३० टक्क्यांवर ठरते, त्या कुटुंबाच्या प्रत्यक्ष पगारावर नाही. त्यामुळे फार कमी कमावणाऱ्याला वेगळे भाडेसाहाय्य नसेल, तर ही घरेही महागच पडतात.

किमतींच्या बाबतीत सर्वांत चांगला दाखला आपल्याच राज्यातला आहे. माउंट लॉरेल येथे तिथल्या रहिवासी एथेल लॉरेन्स आणि इतरांनी दिलेल्या लढ्यातून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९८३ मध्ये असे निकाल दिले की, झोनिंगच्या (कुठे काय बांधता येईल या नियमांच्या) आडून कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवता येणार नाही. तरीही लॉरेन्स यांच्या नावाची वसाहत उभी राहायला २००० साल उजाडले. तोवर त्या हयात नव्हत्या. करसवलतीच्या भांडवलातून बांधलेल्या त्या वसाहतीत आज १४० घरे आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या तशाच टाउनशिपांशी तुलना केली, तेव्हा घरांच्या किमती, गुन्हे किंवा करांवर वसाहतीचा विपरीत परिणाम आढळला नाही. उलट, तिथे आलेल्या कुटुंबांचे उत्पन्न वाढलेले दिसले. एका वसाहतीवरून सगळ्यांचा निष्कर्ष काढू नये हे खरे. ती उत्तम चालवली जाते, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो.

टाउनशिपला सरसकट नकार देणे शक्य नाही. २०२४ च्या राज्य कायद्यानुसार २०२५ ते २०३५ या दहा वर्षांच्या फेरीतही परवडणाऱ्या घरांना वाव देण्याची जबाबदारी प्रत्येक पालिकेवर आहे, आणि ती टाळणाऱ्या पालिकेविरुद्ध बिल्डर न्यायालयात जाऊन स्वतःला हवी तशी दाट वस्ती मंजूर करून घेऊ शकतो. म्हणून प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीत विरोधापेक्षा हे विचारावे की व्यवस्थापन कोणाकडे असेल, त्याने आधी कोणत्या इमारती चालवल्या आहेत आणि दुरुस्तीसाठी किती राखीव निधी ठेवला जाईल. करसवलतीच्या केंद्रीय नियमांनुसार घरे किमान ३० वर्षे परवडणारी ठेवण्याचे बंधन असते. बँक मात्र साधारणपणे पंधराव्या वर्षानंतर बाहेर पडते, आणि छपरे गळायला लागतात तीही त्याच सुमारास.