जुना मोटरसायकल जीपीएस अपडेट करत बसावं, की सरळ मोबाइल होल्डर घ्यावा?

होल्डर घेऊ नका. निदान कोणी 'डबा' म्हणून हिणवतंय म्हणून तरी घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की काकांचा गार्मिन झूमो ६६० तुमच्याकडे आलाय, नकाशे २०१६ चे आहेत, तुम्ही घणसोलीला राहता आणि मित्र विचारतात, मोबाइल असताना हा डबा कशाला? मला तो 'डबा' झोंबला. माझ्या हँडलवरही हेच मॉडेल आहे आणि घरात त्याचं नाव डबाच पडलंय. बारसं आमच्या भाऊजींनी केलं.

तर ऐका. श्रावणात पुण्याला मावशीकडे सत्यनारायण होता. मी ठाण्याहून निघालो, भाऊजी कोपरखैरण्याला बुलेट घेऊन उभेच होते. पाऊस असा की तुर्भ्याच्या पुढे समोरच्या ट्रकचे दिवेच तेवढे दिसत होते. भाऊजींचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, होल्डरमध्ये. गूगल मॅप्सवर दुचाकीची वेगळी सोय २०१७ पासून आहे, आणि ती सगळ्यात आधी आपल्याकडेच आली. पण भाऊजी आठवडाभर कार चालवतात, त्यामुळे फोन कारवरच राहिलेला. जुईनगरला सिग्नलवर त्यांना म्हटलं, बघा जरा काय निवडलंय. त्यांनी पिशवीवरून बोट फिरवलं. पाण्याच्या थेंबांनी स्क्रीन आपलीच आपण हलायला लागली, तेव्हा 'चल रे, रस्ता पाठ आहे' म्हणून निघाले.

कळंबोलीला मी पनवेलकडे वळलो. भाऊजी सरळ एक्स्प्रेसवेवर, जिथे दुचाकीला बंदी. पुढे काय होणार हे नवी मुंबईतलं शेंबडं पोर सांगेल. मी आणि बायको पनवेलला दोन-दोन चहा पिऊन भिजत बसलो, मग दंडाची पावती खिशात घालून भाऊजींची स्वारी आली. आणि आल्या आल्या पहिलं वाक्य काय? 'तुझ्या डब्याला तरी अटल सेतू कुठे माहितीय!'

खरं होतं. सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ चं, आणि तेव्हा माझे नकाशे त्याच्या आधीचे होते, सेतूच्या जागी नुसती निळी खाडी. पण अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. जिथे मला पाय ठेवायचा नाही, तो रस्ता माझ्या यंत्राला माहीत नसला तर माझं काय अडलं? हे मी तेव्हाच सुनावलं. ताईने दोघांना गप्प केलं म्हणून वाद अर्धवट राहिला.

आता तुमचं काम. आधी कंपनीचा गार्मिन एक्स्प्रेस हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घ्या आणि यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट करा. नकाशांपेक्षा हे आधी. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ पर्यंतच जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. शेवटचा असा पालट ६ एप्रिल २०१९ ला झाला. यंत्र फार जुन्या सॉफ्टवेअरवर असेल तर तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसू शकते. तशी दिसली तरी जागा बरोबर दाखवत असेल, घाबरू नका. केबल मात्र डेटा नेणारी हवी. घरात सापडणाऱ्या बऱ्याच मिनी यूएसबी केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. काहीही करायच्या आधी यंत्रातल्या सगळ्या फाइली कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा.

नकाशा विकत घेऊ नका. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेला नकाशा, त्यावरून गार्मिनसाठी बनवलेले नकाशे फुकट मिळतात. ३२ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात गार्मिन नावाचा फोल्डर, त्यात नकाशाची आयएमजी फाइल. मग सेटिंगमध्ये जाऊन मूळचा नकाशा बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात आणि जुनाच रस्ता दाखवतात. यातली मजा अशी की चुकलेला रस्ता आपण स्वतः दुरुस्त करू शकतो. कासारवडवलीला आमच्या सोसायटीमागची गल्ली कुठल्याच नकाशात धड नव्हती; ती मी काढली, आणि पुढच्या वेळी उतरवलेल्या नकाशात ती माझ्याच डब्यावर आली. भाऊजींना दाखवली, त्यांनी 'हं' केलं. घोडबंदर रोडचं मात्र बोलू नका. मेट्रो ४ च्या कामात यू-टर्न इतके सरकले आहेत की तिथे फोन काय आणि डबा काय, सगळे सारखेच.

फोनबद्दल आणखी एक, हे मित्रांना वाचून दाखवा: मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलंय. झूमोला ना कॅमेरा, ना पावसाची भीती, आणि हातमोजे घालून दाबला तरी चालतो.

आता थोडं उलटं. नवा फुकट नकाशा टाकलात की यंत्राला अटल सेतू, समृद्धी, सगळं कळतं, आणि ते तुम्हाला खुशाल तिकडेच पाठवतं. कारण त्या नकाशाच्या साच्यात कार, बस, ट्रक, सायकल असे प्रकार आहेत, मोटरसायकल वेगळी नाही. यंत्राच्या लेखी तुम्ही कारवालेच. म्हणजे त्या दिवशी नवा नकाशा असता आणि मी नुसतं 'पुणे' टाकलं असतं तर डब्यानेही एक्स्प्रेसवेच दाखवला असता. (भाऊजी, हा मुद्दा तुम्हाला सुचला नव्हता.) 'टोल टाळा' लावलं तर शेडुंगचा टोल टाळायला ते जुना हायवेही सोडतं, आणि आपल्याला तर दुचाकीवर टोल पडतच नाही. म्हणून मी पनवेल आणि खोपोली असे मधले थांबे टाकूनच मार्ग बनवतो. मग ते शिंग्रोबाच्या देवळावरून गुमान घाट चढवतं. तुम्ही घणसोलीहून कुठेही जाताना असेच मधले थांबे टाका.

पत्ता शोधणं फुकट नकाशात जवळजवळ निकामी आहे, त्यापेक्षा अक्षांश-रेखांश टाका. फार दिवस पडून असेल तर पहिल्यांदा गच्चीत उघड्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, उपग्रहांची पूर्ण यादी उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: मागचं झाकण उघडून बॅटरी बघा. फुगलेली असेल तर केबल लावूच नका, बॅटरी काढून टाका आणि नवी घ्या.