पालकांना वाचता येत नसेल तर?

प्रश्न : आम्ही काही जण तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मोफत वर्ग चालवतो. बहुतेकांच्या आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नाही आणि कामावरून येईपर्यंत ते थकून गेलेले असतात. अक्षरं गिरवायला दिलेल्या वह्या कोऱ्याच परत येतात. ही मुलं पहिलीत मागे पडू नयेत म्हणून घरच्यांकडून काय करून घ्यावं?

उत्तर : आधी वह्या पाठवणं बंद करा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यावर गिरवून घेण्याचं काम टाकलं की मुलाला ओरडा बसतो, नाहीतर पालक वर्गाकडे फिरकेनासे होतात. या वयात पाया घातला जातो तो बोलण्यातून. मुलाला किती शब्द कळतात, घडलेलं क्रमाने सांगता येतं का, शब्दातला पहिला आवाज ओळखता येतो का, हे पाहा. यासाठी पालक साक्षर असायची गरज नाही.

चित्रांचं पुस्तक घरी द्या. मूल चित्रावर बोट ठेवून ‘कुत्रा’ म्हणालं की पालकांनी जोड द्यायची : ‘हो, कुत्रा भिजलाय, अंग झटकतोय.’ मग तेच वाक्य मुलाला म्हणू द्यायचं. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहायचं. हेच सगळ्यांना अवघड जातं. मोठी माणसं घाईने स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मूल ऐकत बसतं. ‘हे काय?’ दोन-तीन दिवस पुरे. पुढे ‘तो का पळाला असेल?’ असं विचारायला सांगा. पुस्तक आठवडाभर बदलू नका. कंटाळा मोठ्यांना येतो, मुलांना नाही.

रोज दहा मिनिटं झाली तरी चालेल. तीही नसतील तर कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठं, जोड्या, रंग यांवर बोलता येतं. बोलायचं मात्र घरच्याच भाषेत, बोलीत. शाळेची भाषा बोलण्याचा आग्रह धरलात तर पालक बोलायचेच थांबतील.

हे सगळं सभेत भाषण देऊन साधत नाही, घरी जाऊन करून दाखवावं लागतं. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर जात. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन त्या आईला मुलाशी खेळायला शिकवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. तुम्हीही भेटीत आधी मागच्या खेळातलं काय जमलं ते विचारा, नवा खेळ एकदा खेळून दाखवा, मग तो आईच्या किंवा वडिलांच्या हाती देऊन मागे सरका. खेळणं तिथेच ठेवून या. कार्यकर्ता स्वतःच खेळत राहिला की पालक उठून कामाला लागतात. मग ती भेट फुकट गेली असं समजा.

प्रश्न : त्याऐवजी मोबाइलवर शैक्षणिक व्हिडिओ लावून दिले तर?

उत्तर : ‘त्याऐवजी’ नको. दोन वर्षांखालची मुलं समोरच्या माणसाकडून जेवढं शिकतात, तेवढं पडद्यावरून शिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तेवढं बरं. व्हिडिओ लावायचाच तर छोटा लावा, शेजारी बसा आणि संपल्यावर ‘काय काय झालं?’ ते मुलाला सांगू द्या.