कॅलिफोर्नियातल्या सोनोमाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा जाताय?

वाइनसाठी नापा खोऱ्यात सगळेच जातात. तुम्ही शनिवार-रविवार काढून बोडेगा बे या किनाऱ्यावरच्या गावाकडे वळा. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात, त्यामुळे इथली पिनो न्वार ही लाल वाइन हलकी, जराशी आंबटसर लागते. गोड वाइनची सवय असेल तर पहिल्या घोटावर मत बनवू नका.

टेस्टिंग दिवसाला दोनच ठेवा, तीही आधी बुक करून. चाखून बादलीत थुंकलं तरी कुणी नाक मुरडत नाही. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकायचंच. हायवे १ ची वळणं आपल्या घाटासारखी आहेत.

खायचा तो डंजनेस खेकडा. हंगाम एरवी नोव्हेंबरपासून, पण देवमासे खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत अडकू नयेत म्हणून हल्ली तो बरेचदा लांबतो, विचारून निघा. उकडलेला अख्खा घ्या, नांग्या फोडा, वर वितळलेलं लोणी आणि लिंबू, बस्स. मसाला नको (मालवणी माणसाला हे पटायला वेळ लागतो!). शाकाहारी मंडळींनी ऑगस्टमध्ये सेबास्टोपोलला ग्रेव्हनस्टीन जातीच्या सफरचंदांचा ‘ॲपल पाय’ (भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) खावा.

जेनर गावाला नदीच्या मुखाशी सील दिसतात. गोट रॉकच्या वाळूवर मात्र समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, लाट अचानक येते. आणि जुलैतही स्वेटर घ्या.