लॅबमधली मायक्रोफ्लुइडिक चिप मोठी करून लिपिड नॅनोपार्टिकलचं कारखान्यात उत्पादन का करता येत नाही?

लिपिड नॅनोपार्टिकल म्हणजे लशीतला आरएनए पोटात धरणारे चरबीचे अतिसूक्ष्म कण, आणि मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे ते बनवणारी बारीक वाहिन्यांची चकती. ती मोठी नाही करता येत, कारण वाहिनी रुंद केली की मिश्रण मंदावतं आणि कणांचा आकार बिघडतो. म्हणून एक तर तशाच बारीक वाहिन्या अनेक संख्येने समांतर लावतात, नाहीतर चिप सोडून जेट मिक्सर (दोन द्रवांच्या जोरदार धारा एकमेकींवर आदळवून मिसळणारं यंत्र) घेतात. इथेनॉलमधली लिपिडं आणि आम्लधर्मी बफर द्रावणातला आरएनए (साधारण १:३ प्रमाणात) काही मिलिसेकंदांत एकजीव व्हावे लागतात. पण इतक्या बारीक वाहिनीत प्रवाह खळबळत नाही, दोन्ही द्रव मुकाट शेजारून वाहतात आणि फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपसूक पसरत जाऊन, मिसळतात. विसरणाचा वेळ रुंदीच्या वर्गाने वाढतो: रुंदी दुप्पट, वेळ चौपट. तेवढ्यात लिपिडं एकमेकांना चिकटून शंभर नॅनोमीटरच्या पुढचे, लहानमोठे कण बनवतात. २००२ मध्ये मांडलेली हेरिंगबोन रचना तळाच्या तिरक्या खाचांनी प्रवाह दुमडत नेते, म्हणून ती लॅबमध्ये लाडकी. पण वाहिनी बारीकच ठेवावी लागते.

समांतर वाहिन्यांची खरी डोकेदुखी म्हणजे प्रवाहाची समान वाटणी. एकीत बुडबुडा अडकला की तिथलं प्रमाण ढळतं आणि खराब कण सगळ्या बॅचमध्ये मिसळतात. फायझरने कोविड लशीसाठी जेट मिक्सरच निवडले, तेही एक अवाढव्य न करता अनेक छोटे समांतर लावून.

मात्र एका रुग्णापुरती लस किंवा चाचण्यांसाठी छोटी बॅच हवी असेल तर चिप पुरेशी आहे. आणि मोठ्या उत्पादनात गाडी बऱ्याचदा मिक्सरपाशी नाही, नंतर इथेनॉल काढणाऱ्या गाळणीपाशी अडते.