रेषा मोजण्यात आयुष्यभराचे काम असते काय?

प्रश्न : गेऱ्हार्ड हर्झबर्ग हे भौतिकशास्त्रज्ञ असताना १९७१ चे नोबेल पारितोषिक त्यांना रसायनशास्त्रासाठी कसे मिळाले? शिवाय, अणू-रेणूंच्या वर्णपटातील रेषा मोजण्यात अख्खे आयुष्य घालवावे असे त्या विषयात काय आहे? माझी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत असून तिला याच शाखेत संशोधन करायचे आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : रेणूंची, विशेषतः मुक्त मूलकांची (म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन प्रक्रिया करणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांची), इलेक्ट्रॉनी रचना आणि भूमिती उलगडल्याबद्दल हर्झबर्ग यांना ते पारितोषिक मिळाले. रेणूचा आकार जाणून घेण्याची निकड रसायनशास्त्रज्ञांना होती. तो कळला मात्र भौतिकशास्त्राच्या वाटेने. रेणूने शोषलेल्या किंवा बाहेर टाकलेल्या प्रकाशाच्या रेषा काटेकोरपणे मोजल्या, तर त्यांच्यामधील अंतरांवरून रेणूतील अणू एकमेकांपासून किती दूर आहेत आणि त्यांच्यात किती अंशांचा कोन आहे, हे काढता येते.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रामन परिणामाचा, म्हणजे रेणूंवरून विखुरताना काही प्रकाशाचा रंग बदलतो याचा, शोध कोलकात्यात १९२८ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी इटालियन शास्त्रज्ञ राझेत्ती यांनी त्या पद्धतीने नायट्रोजनचा वर्णपट घेतला. त्यात एकाआड एक रेषा ठळक आणि फिकट दिसत होत्या. जर्मनीतील गटिंगेन येथे काम करणाऱ्या हायटलर आणि हर्झबर्ग या दोन तरुणांनी कोणत्या रेषा ठळक आहेत एवढ्यावरूनच असा निष्कर्ष काढला की, नायट्रोजनचे अणुकेंद्र बोस यांच्या सांख्यिकीचे (एकसारखे कण निरनिराळ्या अवस्थांत कसे वाटले जातात, हे सांगणारे) नियम पाळते. तेव्हाच्या समजुतीनुसार त्या केंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण २१ कण असायला हवे होते, आणि अशा कणांची संख्या विषम असेल तर हे नियम लागू होणे शक्य नव्हते. १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडल्यावर ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन, म्हणजे १४ ही सम संख्या, असा हिशेब जुळला. रेषांच्या ठळकपणाकडे बारकाईने पाहिले म्हणून अणुकेंद्राविषयीची प्रचलित कल्पना डळमळली, ही या विषयाची ताकद आहे.

हर्झबर्ग यांच्या पत्नी लुईझे याही वर्णपटशास्त्रज्ञ होत्या. त्या ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये या दांपत्याला जर्मनी सोडावी लागली. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. पुढे १९४८ पासून ऑटावाची राष्ट्रीय संशोधन परिषद हीच हर्झबर्ग यांची कर्मभूमी झाली.

या कामाला किती चिकाटी लागते, हे मेथिलीन या मूलकाच्या कथेवरून आपल्या मुलीला नीट कळेल. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंचा हा रेणू इतका क्षणजीवी असतो की, तो बाटलीत भरून ठेवता येत नाही. धूमकेतूंच्या प्रकाशात ४०५ नॅनोमीटरच्या आसपास दिसणारा रेषांचा एक समूह हर्झबर्ग यांनी १९४२ मध्ये मिथेन वायूतून विद्युत् विसर्ग घडवून प्रयोगशाळेत मिळवला आणि तो मेथिलीनचाच असावा, असे त्यांना वाटले. पुढे इतरांनी हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचा जड प्रकार वापरून पाहिला, तेव्हा रेषा जागच्या हलल्याच नाहीत. म्हणजे त्या रेणूत हायड्रोजन नव्हताच. तो तीन कार्बन अणूंचा रेणू असल्याचे १९५१ मध्ये हर्झबर्ग यांचेच एके काळचे विद्यार्थी डग्लस यांनी दाखवून दिले. खऱ्या मेथिलीनचा वर्णपट हर्झबर्ग यांना मिळायला १९५९ साल उजाडले. डायझोमिथेन या संयुगावर तीव्र प्रकाशाचा झोत टाकून ते फोडायचे आणि काही मायक्रोसेकंदांतच दुसरा झोत सोडून वर्णपट टिपायचा, अशी ती पद्धत होती. शोषण १४१.५ नॅनोमीटरजवळ आढळले. हा प्रकाश हवेतील ऑक्सिजनच गिळून टाकतो, त्यामुळे वर्णपटमापकातील हवा काढून घ्यावी लागते. एवढे करूनही त्यांनी सरळ मानलेला हा रेणू सुमारे १३६ अंशांत वाकलेला आहे, हे १९७० च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीने सिद्ध झाले. हर्झबर्ग यांनी आपलाच वर्णपट पुन्हा तपासून ते मान्य केले. मला त्यांच्या पारितोषिकाइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते.

या विषयात काम उरले आहे का, ही शंका आपल्या मनात असणारच. ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशातील विरळ वायूमुळे ताऱ्यांच्या प्रकाशात उमटणारे शेकडो रुंद शोषणपट्टे ज्ञात आहेत आणि त्यांपैकी पहिले सुमारे शंभर वर्षांपूर्वी नोंदले गेले. हर्झबर्ग यांनाही या कोड्याने दीर्घकाळ गुंतवून ठेवले होते. ६० कार्बन अणूंच्या गोलाकार रेणूच्या आयनामुळे त्यांतील काही पट्टे उमटतात, हे २०१५ मध्ये प्रयोगशाळेतील मोजमापांनी पक्के झाले. बाकीचे जवळजवळ सगळे पट्टे कोणत्या रेणूंचे आहेत, हे अजून ठरायचे आहे.