ध्वनिशस्त्र नव्हे, ध्वन्यस्त्र!

प्रश्न : 'सोनिक वेपन'ला, म्हणजे आवाजानं इजा करणाऱ्या हत्याराला, मराठीत ध्वनिशस्त्र म्हणायचं की ध्वनिअस्त्र? आणि त्यानं कानाला होणाऱ्या इजेला आपल्याकडे शब्द आहे का?

दोन्ही नकोत. बातम्यांत एकाच परिच्छेदात वर शस्त्र, खाली अस्त्र वाचून माझं डोकं उठतं.

शस्त्र आलं 'शस्' धातूपासून : कापणं, मारणं. अस्त्र आलं 'अस्'पासून. असण्याचा 'अस्' नव्हे, संस्कृत धातूंच्या चौथ्या गणातला, म्हणजे गटातला, 'असु क्षेपणे'. म्हणजे फेकणं. 'मंत्र म्हणून सोडतात ते अस्त्र' असं अजूनही शिकवलं जातं, पण धातूला मंत्र ठाऊक नाही. भिरकावलेला धोंडाही अस्त्रच. आवाज मुठीत धरून कुणाला भोसकता येत नाही, तो फेकावाच लागतो, म्हणून अस्त्र. आणि संधी करा की राव : ध्वन्यस्त्र. 'जड जातं' म्हणणारे 'अत्यंत' आणि 'प्रत्यक्ष' तोडून बोलतात का?

या 'अस्'चं गोत फार देखणं आहे. न्यास म्हणजे खाली ठेवणं, संन्यास म्हणजे सगळंच टाकून देणं. समास, विपर्यास याच घरचे. आणि अभ्यास! अभि + अस्, एकाच दिशेनं पुन्हापुन्हा फेकत राहणं. माझं ठाम मत आहे की हा शब्द पाटीवर नाही, धनुर्विद्येच्या मैदानावर जन्मला. धनुष्याला 'इष्वास' म्हणतात, बाण फेकणारं, तोच 'अस्'. एका व्याकरणप्रेमी स्नेह्यांना हे 'कल्पनाविलास' वाटतं. वाटो. तेच गृहस्थ माइकला 'ध्वनिक्षेपक' म्हणतात! माइक आवाज आत घेतो हो, फेकतो तो भोंगा. ध्वनिक्षेपक म्हणजे लाउडस्पीकर, आणि शब्दशः पाहिलं तर ध्वन्यस्त्रच.

ही नुसती शाब्दिक कोटी नाही. 2000 साली एडनच्या बंदरात 'कोल' या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला झाला. त्यानंतर, जवळ येणाऱ्या होडीला दुरूनच दरडावता यावं म्हणून 'एलआरॅड' हे यंत्र पुढे आलं. आहे भोंगाच, फक्त आवाज चहूकडे न सांडता झोतासारखा एका दिशेला जातो. 2009 मध्ये पिट्सबर्गला जी-20 परिषदेच्या वेळी पोलिसांनी तो निदर्शकांवर रोखला. तिथं नुसतं बघायला आलेल्या एका बाईंनी कानाला कायमची इजा झाल्याचा दावा लावला आणि शहरानं 72,000 डॉलर देऊन तो मिटवला.

हां, इजेचं राहिलंच. 'कानठळ्या बसल्या' आणि 'कानात दडे बसले' यांत भागतं, पण ते बसतात तसे बहुधा सुटतातही. सुटत नाही तो कर्णनाद : बाहेर सामसूम आणि कानात अखंड कुंईऽऽ. आयुर्वेदातला तयार शब्द आहे, टिनिटसला वेगळा घडवायची गरज नाही. अंतःकर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, बहिरेपण तिथून.

गेल्या मिरवणुकीत आमच्या मांडणीवरचं फुलपात्र थरथरत कडेपर्यंत आलं आणि खाली पडलं. ते पडल्याचा आवाज काही मला आला नाही.