फुकट सल्ला मिळत असताना सल्लागाराला फी का द्यायची?

तुम्ही विचारलंय की दोघंही नोकरीला आहात, बँकेतला माणूस फुकट सांगतोय, मग सल्लागाराला वर्षाला २० हजार कशाला द्यायचे. मी म्हणेन द्या, पण माणूस नीट बघून घ्या.

माझे बाबा एसटीतून रिटायर झाले तेव्हा बँकेतल्या साहेबाने चहा पाजून ३ लाखांची "एफडीसारखीच स्कीम" गळ्यात मारली, पुढच्या वर्षी हप्ता भरा म्हणून मेसेज आला तेव्हा कळलं की ही विमा पॉलिसी आहे आणि दरवर्षी ३ लाख भरायचेत, १० वर्षं! पॉलिसी परत करायची मुदत असते, आता ती ३० दिवसांची आहे, पण आमची फाईल कपाटात आईच्या साड्यांखाली पडून होती. बाबा कोणावर ओरडले नाहीत, फक्त फाईल उघडून स्वतःची सही बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

मग आम्ही फी घेणाऱ्या ताई शोधल्या. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेल्या सल्लागाराचा नंबर आयएनए पासून सुरू होतो, सेबीच्या वेबसाईटवर तपासता येतो. एआरएन नंबरवाला असेल तर तो वितरक, म्हणजे म्युच्युअल फंड विकणारा, त्याला फंड कंपनी कमिशन देते आणि ते रेग्युलर प्लॅनच्या (वितरकामार्फत घेतलेल्या फंडाच्या) खर्चातून, म्हणजे तुमच्याच पैशातून दरवर्षी जातं. वितरक वाईटच असतो असं नाही, माझ्या मावसभावाचा चांगलाय, पण त्याचं पोट कशावर चालतं हे आपल्याला माहीत पाहिजे. ताईंनी आम्हाला डायरेक्ट प्लॅनच सांगितले, म्हणजे वितरकाशिवाय थेट फंड कंपनीकडून घ्यायचे, ते २०१३ पासून मिळतात.

पहिल्या मीटिंगला मात्र एकही फंड नाही. ६ महिन्यांची स्टेटमेंट्स घेऊन बसवलं, सगळे कागद जमिनीवर मांडले, ७ पॉलिस्या निघाल्या, सगळ्या मिळून कव्हर ९ लाख आणि नवऱ्याच्या नावावर घराचं कर्ज २८ लाख. वहीत ते दोन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर आम्ही दोघं गप्पच झालो. आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, मग ६ महिन्यांचा खर्च बाजूला, एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम, त्यानंतर. बाबांचे उरलेले पैसे पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले, दर ३ महिन्यांनी व्याज खात्यात येतं.

मीटिंगला दोघंही जा, एकट्याने जाऊ नका. सल्लागाराला फक्त फी द्यायची, गुंतवणुकीचे पैसे त्याच्या खात्यात कधीच टाकायचे नाहीत, ते तुमच्या खात्यातून थेट फंडाकडे गेले पाहिजेत. आणि शेअर बाजारात हमखास परतावा देतो म्हणाला तर तिथूनच उठून या.